पाणी वाहतें कसें?

आमच्या स्वयंपाकघरांत फ्रिज आल्यास आतां पुष्कळ वर्षें झालीं. तरी चैत्र लागला म्हणजे आम्ही कुंभारवाड्यांत जाऊन एक माठ घेऊन येतों. घरांतील तरुण मंडळी आमच्या या हट्टास हंसतात. नव्या माठास टिचकी मारून त्याचा नाद ऐकणें, पहिले दोन दिवस तो नुसता भरून ठेवून तें मातकट पाणी झाडांस घालणें, मग तिवईवर त्याची स्थापना करणें, या साऱ्या विधींत आम्हांस जें सुख होतें तें फ्रिजचें दार उघडण्यांत होत नाहीं, हें खरें. परंतु माठ आणण्याचें कारण एवढेंच नाहीं. या मातीच्या भांड्यानें आमच्या घरांत एकदां मोठा कलह माजविला होता. आणि पुढें पुष्कळ वर्षांनीं आमच्या हातून वर्गांत जी एक चूक घडली तिची आठवणही आम्हांस या माठापाशींच होते. त्या चुकीविषयीं एकदां लिहावें असें फार दिवस मनांत होतें.

प्रथम कलहाची हकीकत सांगूं. आमचे वडील सरकारी नोकरींत होते व १९६१ सालीं त्यांची बदली अकोल्याहून रत्नागिरीस झाली. अकोल्याचा उन्हाळा ज्यांनीं काढला आहे त्यांस माठ म्हणजे काय हें सांगावयास नको. वैशाखांत पारा ४५ अंशांस जाऊन टेकतो, भिंती रात्रींदेखील ऊन ओकत असतात, आणि अशा वेळीं माठांतील पाणी मात्र दांतांस झोंबेल इतकें गार असतें. रत्नागिरीचें ऊन या मानानें अगदींच सौम्य. तेव्हां तेथें माठांतलें पाणी आणखीच गार लागेल अशी आमच्या आईची समजूत होती. पण झालें उलटेंच. माठाचें अंग दिवसभर ओलेंचिंब, खालीं ठेवलेल्या ताटलींत पाण्याचें थारोळें, आणि आंतील पाणी पाहावें तों कोमट! आईनें सारा दोष कुंभारावर ठेविला. "इथल्या लोकांना माती मळतां येत नाहीं," असा तिनें निकाल दिला. दुसरा माठ आला, तिसरा आला. निकाल कायम राहिला. शेजारच्या काकू एकदां सहज म्हणाल्या, "वहिनी, आमच्याकडे माठाचं पाणी असंच असतं हो." आईस तो गुन्ह्याचा कबुलीजबाबच वाटला. "अगं, माती कशीही असो, इथली हवाच निराळी," असें वडील सांगूं लागले कीं ती म्हणे, "अहो, हवा काय माठांत शिरते?"

अखेर एका लग्नानिमित्त वडील अकोल्यास गेले, तेव्हां येतांना त्यांनीं तेथील ओळखीच्या कुंभाराकडचा माठ आणला. आगगाडींत आणि आंबा घाटांतून उतरणाऱ्या एस.टी.त तो माठ त्यांनीं तान्ह्या मुलासारखा मांडीवर घेतला होता. घरीं आल्यावर तो मोठ्या थाटानें तिवईवर बसला. आई रोज तिन्हीसांजेस त्यांतलें पाणी फुलपात्रांत घेऊन चाखून पाही. असे चार दिवस गेले. पांचव्या दिवशीं तिनें तो माठ रिकामा केला, उन्हांत वाळविला, आणि त्यांत तांदूळ भरून ठेविले. त्यानंतर कुंभारांविषयीं आमच्या घरांत कोणीं एक शब्दही बोललें नाहीं. आम्ही त्या वेळीं दहा-अकरा वर्षांचे होतों. शास्त्रीय प्रयोग म्हणून जें कांहीं म्हणतात त्याचें आम्हीं पाहिलेलें पहिलें व सर्वांत निर्दोष उदाहरण तेंच.

पाणी उडून जातांना उष्णता घेऊन जातें, ही गोष्ट शाळेंतील मुलांसही ठाऊक असते. माठाच्या भिंतींतील सूक्ष्म छिद्रांतून पाणी बाहेर झिरपतें, कोरड्या हवेंत त्याची वाफ होते, आणि त्या वाफेस लागणारी उष्णता आंतल्या पाण्यांतून काढून घेतली जाते. कोंकणांतील हवा समुद्रावरून येतांना आधींच बाष्पानें जड झालेली असते. तिच्यांत आणखी वाफ सामावण्यास जागा थोडी. म्हणून पाणी झिरपतें, पण उडत नाहीं. आईनें जो अपराध कुंभाराच्या माथीं मारला तो अरबी समुद्राचा होता.

परंतु विचार करण्यासारखा खरा प्रश्न याच्या पुढचा आहे. दहा लिटरांचा माठ दहा अंशांनीं गार करावयाचा तर एक लाख कॅलरी उष्णता बाहेर काढावयास हवी. उन्हाळ्यांतील साध्या उष्णमानास एक ग्रॅम पाणी उडून जातांना सुमारें ५८० कॅलरी बरोबर नेतें. म्हणजे बाहेरून येणारी उष्णता सोडून दिली तर अवघें पावणेदोनशें ग्रॅम, फुलपात्रभर पाणी, उडालें कीं सबंध माठ गार झाला! मद्यार्काचा एक ग्रॅम उडतांना याच्या निम्म्याहूनही कमी, दोनशें कॅलरींच्या आसपास, उष्णता नेतो. मग पाण्यासच एवढी उष्णता कां लागावी? वाफ होणें म्हणजे रेणूनें आपल्या सोबत्यांस सोडून जाणें. ज्यास सोडून जाण्यास इतके सायास पडतात, तो आंत कशानें तरी घट्ट धरलेला असला पाहिजे. तें धरणें म्हणजे काय, हाच या लेखाचा विषय.

रेणु एकमेकांस ओढतात ही कल्पना ज्यांनीं गणितांत बसविली ते व्हान डर वाल्स हे हॉलंडमधील लायडन येथें एका सुताराच्या घरीं १८३७ सालीं जन्मले. आरंभीं ते प्राथमिक शाळेंत मास्तर होते. लॅटिन व ग्रीक भाषांचें शिक्षण झालें नसल्यामुळें विद्यापीठाच्या परीक्षा देण्यास त्यांस मज्जाव होता. पुढें तो नियम सैल झाला, आणि वयाची पस्तिशी उलटल्यावर, १८७३ सालीं, त्यांनीं आपला प्रबंध सादर केला. वायूचे रेणु म्हणजे नुसते गणितांतले बिंदु नव्हेत. त्यांस आकारमान आहे आणि एकमेकांची ओढही आहे. वायूचा द्रव होतो तो या ओढीमुळें, असें त्यांनीं दाखविलें. १९१० सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. जन्मभर मास्तरकी केलेल्या आम्हांस या गृहस्थांविषयीं जरा अधिक आपलेपणा वाटतो, तो वाचकांनीं क्षम्य मानावा.

ही सर्वसाधारण ओढ फार दुबळी असते, पण ती कोठें नाहीं असें नाहीं. रेणूंतील इलेक्ट्रॉन क्षणोक्षणीं इकडे तिकडे हेलकावतात. त्यामुळें रेणूच्या एका बाजूस क्षणभर ऋण विद्युत् अधिक होते, शेजारच्या रेणूंतील इलेक्ट्रॉन त्या झोक्यास साथ देतात, आणि दोघांत ओढ उत्पन्न होते. हा उलगडा फ्रिट्झ लंडन यांनीं १९३० सालीं केला. भिंतीवर उलटी चालणारी पाल याच ओढीवर विसंबून असते. तिच्या बोटांवर डोळ्यांस न दिसणाऱ्या केसांचे असंख्य शेंडे असतात. ते भिंतीच्या इतक्या निकट जातात कीं या दुबळ्या ओढीच्या बेरजेनें तिचें सारें वजन तोललें जातें. पाल डिंकानें चिकटत नाहीं कीं हवा शोषूनही धरत नाहीं, हें प्रयोगानें २००२ सालीं दाखविलें गेलें. घरांतीलच दुसरें उदाहरण खोबरेलाचें. थंडींत खोबरेल थिजतें व बाटली चुलीजवळ नेऊन ठेवावी लागते; त्याच फळीवरील शेंगदाण्याचें तेल मात्र वाहतें राहतें. खोबरेलांतील रेणूंच्या सांखळ्या बहुतेक सरळ असतात, त्या चुलीच्या फाट्यांसारख्या एकमेकींस लागून रचल्या जातात व ओढीस वाव मिळतो. शेंगदाण्याच्या तेलांतील सांखळ्यांस मध्येंच बांक असतो, आणि वांकडीं लांकडें नीट रचतां येत नाहींत हें कोणीही गृहिणी सांगेल.

पण पाण्याचा उलगडा एवढ्यानें होत नाहीं. आम्ही वर्गांत हा भाग शिकवीत असूं तेव्हां फळ्यावर एक उतरंड काढीत असूं. टेल्यूरियम, सेलेनियम, गंधक आणि ऑक्सिजन हीं एकाच कुळांतील मूलद्रव्यें. या प्रत्येकाच्या एका अणूशीं हायड्रोजनचे दोन अणु जोडले म्हणजे चार पदार्थ होतात. त्यांतील टेल्यूरियमचा पदार्थ उणें २ अंशांस उकळतो, सेलेनियमचा उणें ४१ अंशांस, गंधकाचा उणें ६० अंशांस. रेणु जसजसा हलका तसतशी ओढ कमी व उत्कलनबिंदु खालीं. या उतरंडीच्या हिशेबानें चौथा पदार्थ उणें सत्तराच्याही खालीं उकळावयास हवा. तो चौथा पदार्थ म्हणजे पाणी. आणि तो शंभर अंशांस उकळतो! उतरंडीच्या टोंकाचें लहानसें मडकें उडून आढ्यास जाऊन बसावें, तशांतला हा प्रकार. हिशेबाप्रमाणें चाललें असतें तर पृथ्वीवर एकही नदी वाहिली नसती.

हा चमत्कार कशानें होतो याचें स्पष्ट उत्तर कॅलिफोर्निया विद्यापीठांतील लॅटिमर व रोडबुश यांनीं १९२० सालीं दिलें, आणि पुढें १९३९ सालीं प्रसिद्ध झालेल्या लायनस पाउलिंग यांच्या रासायनिक बंधांवरील ग्रंथानें तें सर्वत्र पोंचविलें. पाण्याच्या रेणूंत ऑक्सिजन मध्यें असतो व हायड्रोजनचे दोन अणु त्याच्या दोन बाजूंस, कोनांत बसविल्यासारखे. ऑक्सिजन इलेक्ट्रॉनांचा मोठा लोभी. तो जोडीचे इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून घेतो. हायड्रोजनजवळ दुसरे इलेक्ट्रॉन नसल्यामुळें त्याची धन विद्युत् उघडी पडते. तिकडे शेजारच्या रेणूंतील ऑक्सिजनपाशीं इलेक्ट्रॉनांच्या दोन जोड्या मोकळ्या असतात. उघडा पडलेला हायड्रोजन त्यांतील एकीकडे वळतो, आणि आपल्या धन्यास न सोडतां शेजाऱ्यासही धरतो. या धरण्यास हायड्रोजन-बंध म्हणतात. एका रेणूस देण्याचे असे दोन हात आणि घेण्याचे दोन; म्हणून चार शेजारी. रेणूच्या आंतील मुख्य बंधाच्या मानानें याचें बळ सुमारें विसाव्या हिश्श्याचें. परंतु वर सांगितलेल्या सर्वसाधारण ओढीहून तें कितीतरी अधिक.

ही मिरास एकट्या पाण्याची नव्हे. नायट्रोजन व फ्लोरिन यांचेही हायड्रोजनशीं झालेले संयोग आपापल्या उतरंडींतून असेच उडाले आहेत. कार्बनचा मिथेन मात्र निमूटपणें आपल्या जागीं, उणें १६१ अंशांस, उकळतो. सर्वांत बोलकें उदाहरण मद्यार्काचें. मद्यार्क आणि डायमिथाइल ईथर यांच्या रेणूंत तेच अणु तितकेच आहेत, वजन तेंच; मांडणी मात्र निराळी. ईथरमध्यें हायड्रोजनचा एकही अणु ऑक्सिजनला लागून नाहीं. परिणाम असा कीं, मद्यार्क ७८ अंशांस उकळतो आणि हें ईथर उणें २५ अंशांच्या सुमारास. एका अणूची जागा बदलली आणि शंभर अंशांचा फरक पडला!

आतां आमची चूक. १९८६ सालीं आम्ही एका तालुक्याच्या गांवीं कनिष्ठ महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकवीत होतों. त्या दिवशीं उतरंड झाली होती, बर्फाचें चित्र झालें होतें. रंगीत खडूंनीं वर्तुळें काढून त्यांच्यामध्यें आम्हीं तुटक रेषांचे बंध मोठ्या काळजीनें दाखविले होते. बर्फांत प्रत्येक रेणु आपल्या चार शेजाऱ्यांस ताठ हातांनीं धरून उभा असतो, त्यामुळें मध्यें पोकळी राहते, आणि म्हणूनच बर्फ पाण्याहून हलका होऊन तरंगतो, हें सांगून झालें होतें. तास संपत आला होता. इतक्यांत एक मुलगी उभी राहिली व म्हणाली, "सर, हेच बंध पाण्यांतही आहेत असं तुम्ही सांगितलंत. मग पाणी वाहतं कसं?"

आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. पाठ्यपुस्तकांत तुटक रेषा होत्या आणि आमच्या डोक्यांतही तेवढ्याच होत्या. त्या रेषा कधीं हालत असतील असें आमच्या मनांतही आलें नव्हतें. "उद्यां सांगतों" एवढे दोन शब्द आम्ही बोललों असतों तर कांहीं बिघडलें नसतें. पण साठ मुलें पाहत होतीं, आणि शिक्षकास उत्तर येत नाहीं हें त्यांस दिसूं नये अशी आमची इच्छा होती. आम्ही म्हणालों, "पाणी वाहतं कसं याची काळजी पाटबंधारे खात्याला करूं दे, तू बर्फ पाठ कर." वर्ग खदखदून हंसला. आम्हीही हंसलों. ती खालीं बसली. त्या वर्षभरांत तिनें दुसरा प्रश्न विचारला नाहीं.

तो प्रश्न किती नेमका होता हें आम्हांस हळूहळू कळलें. पुढें बावीस वर्षें दर वर्षीं तें चित्र काढतांना आमचा हात त्या जागीं अडखळे.

याचें अर्धें उत्तर दोन आंकड्यांत आहे, आणि ते आंकडे त्या दिवशींही फळ्याच्या कोंपऱ्यांत लिहिलेले होते. एक ग्रॅम बर्फ वितळण्यास ८० कॅलरी लागतात. एक ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ होण्यास ५४०. वितळतांना सारेच बंध तुटत असते तर मोठा आंकडा बर्फाचा असता. तो लहान आहे; म्हणजे बर्फाचें पाणी होतांना थोडेच बंध सुटतात आणि बहुतेक पकड पाण्यांत तशीच राहते. ती वाफ होतांना सुटते. माठाचें पाणी उडतांना जी उष्णता नेतें ती या राहिलेल्या पकडीची किंमत होय. यावरून मुलीचा प्रश्न अधिकच धारदार होतो: इतकी पकड शिल्लक असतांना पाणी वाहावें कसें?

पाण्याच्या अंतरंगाचें पहिलें समर्थ चित्र बर्नाल व फाउलर या दोघां शास्त्रज्ञांनीं १९३३ सालीं काढलें. मॉस्कोच्या विमानतळावर दाट धुक्यामुळें दोघे अडकून पडले असतां ही चर्चा सुरू झाली, असें सांगतात. धुकें म्हणजे पाणीच, तेव्हां पाण्यानेंच आपली गोष्ट त्यांच्या कानीं घातली म्हणावयाची! पाण्यांतही रेणु आपल्याभोंवतीं चार शेजारी जमविण्याचा प्रयत्न करतो, पण ती रचना बर्फासारखी दूरवर नीट चालत नाहीं. ती वांकते, ढासळते, पोकळींत दुसरे रेणु शिरतात. म्हणून बर्फ वितळल्यावर पाणी आंखडतें, आणि ४ अंशांपर्यंत आंखडतच जातें. त्यापुढें उष्णतेची धडपड वरचढ होऊन तें फुगूं लागतें. थंड देशांतील तळीं वरून गोठतात व खालीं मासे जगतात तें याचमुळें.

परंतु खरी गंमत काळाच्या मापांत आहे. पाण्यांतील एक बंध टिकतो तरी किती? सेकंदाचे दहा लाख भाग करावे, त्यांतील एका भागाचे पुन्हां दहा लाख भाग करावे. असल्या एखाददुसऱ्या भागाइतका! म्हणजे कोणत्याही क्षणीं चित्र काढलें तर बहुतेक हात धरलेले दिसतील. पुढच्या क्षणीं काढलें तरी तितकेच धरलेले दिसतील. पण धरणारे निराळे असतील. आमच्या फळ्यावरील तुटक रेषा खोट्या नव्हत्या. त्या पुसून पुन्हां काढावयास हव्या होत्या, सेकंदांत लाख कोटी वेळां, इतकेंच.

यास आपल्याकडील झिम्म्याचा दृष्टांत चांगला लागू पडतो. मंगळागौरीच्या रात्रीं मुली रिंगण धरून झिम्मा खेळतात तेव्हां प्रत्येकीचा हात कोणाच्या तरी हातावर पडत असतो. पण एकीच्या हातावर तो राहत नाहीं. टाळी दिली कीं गिरकी, गिरकी संपली कीं पुढचीस टाळी. रिंगण कोठेंही तुटत नाहीं आणि तरी सारें रिंगण फिरत असतें. त्याच मुलींनीं एकमेकींचे हात घट्ट धरून ताठ उभें राहावें, म्हणजे बर्फ झाला. पाण्याचा रेणु जुना हात सोडतो कसा, याविषयीं २००६ सालीं प्रसिद्ध झालेलें संशोधन फार सुंदर आहे. तो आधीं सर्वस्वीं सुटून मग दुसऱ्याच्या शोधांत भटकत नाहीं. नवा शेजारी जवळ आला, जुना जरा दूर सरला, कीं त्याचा हायड्रोजन एका झटक्यांत इकडून तिकडे वळतो. निराधार असा काळ जवळजवळ नसतोच. मुली, पाणी वाहतें तें असें.

येथें एकत्र कुटुंबाची उपमा वाचकांच्या ओठांवर आली असेल. ती आमच्याही आली होती. पण रेणूस माया नाहीं आणि दुरावाही नाहीं. जेथें विद्युत् ओढील तेथें तो जातो. माणसांच्या घरास या शास्त्राचा आधार देण्याचा मोह आम्ही टाळीत आहों.

हात अधिक असले तर वाहणें जड होतें, हेंही यावरून समजतें. ग्लिसरिनच्या रेणूस असे तीन गट आहेत, म्हणून तें बाटलींतून सावकाश उतरतें. मधांतील साखरेच्या रेणूंस त्याहूनही अधिक, म्हणून त्याची धार लांबते. अळूच्या पानावरील थेंबाकडेही आतां निराळ्या नजरेनें पाहतां येईल. त्या पानास मेणचट लव असते. पाण्यास धरण्याजोगें तेथें कांहीं नसतें. म्हणून थेंबांतील रेणु आपले हात आपसांतच गुंतवितात, आणि थेंब मोत्यासारखा गोल होतो. अळवावरचें पाणी म्हणून आपल्या भाषेनें त्याचा चंचलपणा टिपला; त्याची एकजूट टिपली नाहीं.

बंध सुटतच नाहींत असें पाणी असूं शकेल काय? शास्त्रज्ञांसही एकदां ही भूल पडली होती. १९६२ च्या सुमारास रशियांतील फेद्याकिन यांस केसासारख्या बारीक कांचेच्या नळ्यांत एक विलक्षण पाणी आढळलें. तें साध्या पाण्याहून घट्ट होतें आणि शून्य अंशास गोठतही नसे. मॉस्कोचे डेरिआगिन या नामांकित शास्त्रज्ञांनीं तें काम हातीं घेतलें. १९६९ सालीं अमेरिकेंत त्यास पॉलीवॉटर हें नांव मिळालें, हायड्रोजन-बंधांचें पक्कें जाळें त्यांत विणलेलें आहे अशीं गणितें मांडलीं गेलीं, आणि हें पाणी सांडलें तर समुद्रही थिजतील अशी भीति एका शास्त्रज्ञानें छापून प्रसिद्ध केली! शेवटीं निघालें काय, तर कांचेंतून उतरलेली सिलिका आणि माणसाच्या घामांत असतात तसल्या क्षारांची भेसळ. डेरिआगिन यांनीं १९७३ सालीं आपली चूक स्वतः छापून कबूल केली. दहा वर्षांचें काम आणि जगभर झालेलें नांव असें आपल्या हातानें पुसणें सोपें नाहीं. या गोष्टींत लोक पॉलीवॉटरला हंसतात. आम्हांस तींत तो कबुलीचा कागदच मोठा दिसतो. आमच्या आईनेंही माठांत तांदूळ भरले होते.

दुबळे व सुटणारे बंध म्हणजे कुचकामाचे, ही समजूत मात्र पार टाकून दिली पाहिजे. सुती सदऱ्यावर इस्त्री करण्यापूर्वीं धोबी पाणी शिंपडतो. कापसाच्या तंतूंतील सांखळ्या याच बंधांनीं एकमेकींस धरून असतात. चुरगळलेल्या कापडांत त्या चुरगळलेल्या जागींच धरून बसतात. पाण्याचे रेणु मध्यें शिरून ते हात सोडवितात, इस्त्री कापड सपाट करते, पाणी उडून जातें, आणि सांखळ्या सरळ स्थितींत पुन्हां हात धरतात. धुतल्याबरोबर इस्त्री कां जाते हेंही आतां निराळें सांगावयास नको. याहून थोर उदाहरण आपल्या शरीरांतच आहे. आनुवंशिकतेचा जो दुपेडी रेणु वॉटसन व क्रिक यांनीं १९५३ सालीं उलगडला, त्याचे दोन पेड हायड्रोजन-बंधांनींच जोडलेले असतात. एका जातीच्या जोडींत दोन बंध, दुसरींत तीन. प्रत्येक पेड स्वतः पक्क्या बंधांनीं गुंफलेला. पण दोन पेडांमधील बंध मात्र हे दुबळे. ते पक्के असते तर पेड उकलले नसते, नक्कल झाली नसती, आणि आईबापांचें कांहीं मुलांपर्यंत पोंचलें नसतें.

यांतील पुष्कळसें आम्हांस १९८६ सालीं ठाऊक नव्हतें, आणि कांहीं तर तेव्हां कोणासच ठाऊक नव्हतें. म्हणून अज्ञानाबद्दल आम्ही स्वतःस फारसें बोल लावीत नाहीं. सलतो तो हंशा. निवृत्त झाल्यावर जुने कागद आवरतांना त्या वर्षाच्या वर्गाची यादी सांपडली. तींत बावीस मुलींचीं नांवें आहेत. त्यांतलें तिचें कोणतें, हें कितीही आठवून आम्हांस ठरवितां आलें नाहीं. खिडकीकडच्या ओळींत तिसऱ्या बांकावर ती बसत असे, आणि उभी राहिली तेव्हां तिच्या हातांत टोपण काढलेलें शाईचें पेन होतें, एवढेंच डोळ्यांपुढें आहे. आतां तिची पन्नाशी केव्हांच उलटली असेल. हा अंक तिच्या घरीं येत असेल तर तिनें एवढेंच करावें: फळ्याच्या कोंपऱ्यांतले ते ८० आणि ५४० हे आंकडे शेजारीं शेजारीं मांडून पाहावे. बाकीचें तिचें तिला सुचेल.